थेंबभर पाणी बाहेर जायचं नाही

वर्षाच्या पहिल्या सकाळी विल्फ हेडलीला जाग आली ती नाकाचा शेंडा गार पडल्यामुळे. नाक सोडून बाकी सगळा विल्फ रजईत होता. त्याने एक पाय बाहेर काढून भिंतीवरच्या, खोली तापवणाऱ्या पण आज बर्फ झालेल्या रेडिएटरला लावला आणि विंचू चावल्यासारखा परत आत घेतला.

खाली स्वयंपाकघरात बॉयलर पेटत होता, जरा खदखदत होता आणि आपोआप विझत होता. म्हणजे दुखणं बॉयलरचं नव्हतं. त्याच्या खालच्या कपाटात गरम पाणी घरभर फिरवणारा पंप होता, त्याचं होतं. हा पंप विल्फची लेक हेलन शाळेत जायला लागली त्या वर्षी बसवलेला. आता हेलनला मूल झालं तरी तो तसाच चालू होता. दर हिवाळ्यात तो एकदा तरी अडून बसायचा आणि विल्फ हातोडीच्या दांड्याने त्याला दोन टपल्या मारायचा, की बिचारा पुन्हा गुरगुरत कामाला लागायचा. आज विल्फने आधी हळू मारल्या, मग जोरात मारल्या, मग शिव्या देऊन मारल्या. पंपातून जळक्या रबराचा वास आला आणि त्याने कायमचे डोळे मिटले.

एरवी विल्फने दोन स्वेटर चढवून चहा टाकला असता. तो इंग्लंडच्या उत्तरेतल्या गेट्सहेडमध्ये जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला शांत माणूस होता. पण आज दुपारी हेलन आपलं चार दिवसांचं बाळ घेऊन राहायला येणार होती. तिचा नवरा ग्रेग भर समुद्रात तेलाच्या विहिरीवर कामाला, महिना संपेपर्यंत त्याची सुट्टी नव्हती. विल्फची बायको मॉरीन लेकीकडे सोबतीला गेली होती आणि तीच दोघांना गाडीतून घेऊन येणार होती. विल्फला सर्दी झालेली, म्हणून त्याला अजून नातवाचं दर्शन नव्हतं. मोबाइलवर फोटो आले होते, त्यांत टोपी, दुपटं आणि मधे एक गुलाबी नाक एवढंच दिसत होतं. जाताना मॉरीनने त्याला दहा कामं सांगितली नव्हती. एकच सांगितलं होतं. "विल्फ, घर तेवढं ऊबदार ठेव."

विल्फने फोन घेतला. वर्षाच्या पहिल्या दिवशी प्लंबर मिळणं म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात शोधणं. तीन ठिकाणी घंटा वाजत राहिली, चौथ्या ठिकाणी एका माणसाने फोन उचलून नुसतं कण्हून ठेवून दिला. मग त्याला जनीन पिअर्टची आठवण झाली. हेलनच्या वर्गातली मुलगी, आता स्वतःची व्हॅन घेऊन प्लंबिंगची कामं करायची.

"काका, शुभेच्छा द्यायला फोन केलाय, की काही फुटलंय?" जनीनने विचारलं.

"पंप गेला गं. आणि हेलन बाळाला घेऊन येतेय."

"आलेच. व्हॅनमध्ये नवा पंप पडलाय. तुम्ही तोवर किटली ठेवा."

विल्फच्या जिवात जीव आला. तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. त्याची सासू एडिथ, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, अंगात गाऊन, गाऊनवर कोट आणि डोक्यावर चर्चला जायची हॅट घालून खाली उतरत होती.

"कोण येतंय?"

"जनीन, आई. पंप बदलायला."

"कुठली जनीन? ती तांबड्या केसांची?"

विल्फच्या हातातला फोन तसाच राहिला. जनीनचे केस पिकलेल्या संत्र्यासारखे होते, हे त्याला ठाऊक होतं. पण पंप म्हटल्यावर माणूस केसांचा विचार कशाला करेल?

एडिथ करत होती. तिकडच्या जुन्या रिवाजाप्रमाणे वर्षाचं पहिलं पाऊल घरात काळ्या केसांच्या पुरुषाचं पडायला हवं, पुढच्या दारातून, हातात कोळसा घेऊन. बाईमाणूस नको. पिवळ्या केसांचा माणूस नको. आणि तांबड्या केसांची बाई म्हणजे तर दुष्काळात तेरावा महिना. शिवाय ते पाऊल पडेपर्यंत घरातून काही बाहेर जाता कामा नये, माणूस नाही, केर नाही, राखसुद्धा नाही. गेलं, की वर्षभर घरातलं बाहेर जातच राहतं. एडिथच्या बहिणीने एकदा नकळत चटई झटकली होती आणि जूनमध्ये तिचा नवरा पळून गेला, हे उदाहरण विल्फने लग्नाआधीपासून ऐकलं होतं.

खरं तर हे पाऊल मध्यरात्रीच पडायचं. इतकी वर्षं कोपऱ्यावरचे दुकानदार बलबीर गिल यायचे. काळीभोर दाढी, काळेभोर केस. एकतीस डिसेंबरला त्यांना अख्ख्या गल्लीचं आमंत्रण असे आणि ते व्हिस्कीला शिवत नसल्यामुळे शेवटच्या घरापर्यंत शुद्धीत पोचत. यंदा गिल भाचीच्या लग्नाला लेस्टरला गेले आणि त्यांची जबाबदारी गल्लीतल्या अ‍ॅलन चार्लटनवर आली. अ‍ॅलनचे केस काळे होते, पण घरोघरी पुढे आलेल्या ग्लासाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. विल्फच्या घराच्या अलीकडच्या अकरा नंबरात त्याने कोळसा ठेवला, ग्लास उचलला आणि तिथल्या सोफ्यावर आडवा झाला.

विल्फने अकरा नंबरात फोन लावला.

"उठवून बघितलं हो," तिथल्या बाई म्हणाल्या. "उठला, आम्हा सगळ्यांना शुभेच्छा दिल्या आणि परत झोपला."

एवढ्यात पुढच्या दाराची घंटा वाजली. विल्फ दाराकडे वळणार, तोच एडिथने काठी आडवी घातली आणि पत्र टाकायच्या फटीतून आवाज दिला, "पोरी, काळ्या केसांचा कोणी पुरुष बरोबर आणलायस का?"

बाहेर जनीनने पिशवी खाली ठेवली. "आजी, असता तर मी आज कामावर आले असते का?"

"मग आत यायचं नाही."

"आई," विल्फ म्हणाला, "बाळ येणार आहे. घर बर्फ झालंय."

"बाळ येणार आहे म्हणूनच सांगते. त्याच्या पहिल्या वर्षाला अपशकून मी होऊ देणार नाही. नशिबाशी खेळ करायचा असेल तर तुझ्या स्वतःच्या वर्षाशी कर."

आजवर एडिथशी वाद घालून कोणी जिंकलेलं त्याने पाहिलं नव्हतं, आणि त्यात त्याचे सासरेही आले.

जनीन मागच्या गल्लीतून वळसा घालून परसात आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर उभी राहिली. विल्फने खिडकी वर सरकवली. होती नव्हती ती ऊबही बाहेर गेली. ऊब बाहेर गेलेली चालते का, हे विचारायचं त्याच्या ओठावर आलं होतं, ते त्याने गिळलं.

"मी इथून चढून आत आले तर?" जनीन म्हणाली. "दाराला पाय लागत नाही."

"खिडकीतून चोर येतात," एडिथ म्हणाली आणि खुर्ची ओढून खिडकीपाशीच बसली.

"बरं, मग मी सांगते तसं काका करतील. घ्या, हा नवा पंप आत घ्या. वस्तू आत आलेली चालते ना आजी?"

"आत आलेली चालते. बाहेर गेलेली चालत नाही."

"मग पंचाईत आहे. पंपाच्या दोन्ही बाजूंच्या, पाणी अडवायच्या चाव्या गंजून बसल्यात, इथूनच दिसतंय, त्या काही बंद व्हायच्या नाहीत. सगळं पाणी काढून टाकावं लागेल. त्या रेडिएटरच्या तोटीला नळी लावायची आणि दारातून परसात सोडायची."

"थेंबभर पाणी बाहेर जायचं नाही," एडिथ म्हणाली.

जनीनने विल्फकडे पाहिलं. विल्फने छताकडे पाहिलं.

"आजी, एक विचारू?" जनीन अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाली. "रात्रीपासून या घरात संडासला कोणीच गेलं नाही?"

"ते धरत नाहीत," एडिथ म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

मग विल्फ माळ्यावर चढला. तिथल्या टाकीतला तरंगता चेंडू दोरीने वर बांधून त्याने नवं पाणी येणं थांबवलं. खाली येऊन रेडिएटरच्या तोटीला नळी लावली, नळीखाली बादली ठेवली आणि तोटी फिरवली. बादली भरली की तोटी बंद करायची, बादली वर नेऊन बाथटबमध्ये ओतायची, असा सरळ हिशेब होता. पहिली बादली भरली. विल्फने तोटी उलटी फिरवली. तोटी गोल गोल फिरत राहिली आणि पाणी येतच राहिलं.

"बंद होत नाही गं!"

"मग भांडं ठेवा!"

"कुठलं?"

"सापडेल ते!"

विल्फने दुसरी बादली ठेवली, मग जॅम करायचं पातेलं, मग ख्रिसमसचं हॅम उकडायचा टोप. पाणी शाईसारखं काळं होतं आणि त्याला जुन्या लोखंडाचा वास येत होता. एडिथ उठली होती. कपाटं उघडून एकेक भांडं काठीच्या टोकाने ती जमिनीवरून पुढे ढकलत होती, आणि चेहऱ्यावरून तिला मजा येत होती असं म्हणायला जागा आहे. पुडिंगचा काचेचा वाडगा भरला. एडिथचं पाय शेकायचं घमेलं भरलं. चहाच्या दोन किटल्या भरल्या. शेवटी जेवणाच्या खोलीतल्या कपाटातून मॉरीनचं लग्नातलं, सोनेरी काठाचं सूपचं भांडं निघालं.

"आई, ते नको. मॉरीन मला घराबाहेर काढेल."

"आज नाही काढू शकत," एडिथ म्हणाली. "भर."

"आजी," खिडकीतून जनीन म्हणाली, "पाणी तर चांगलं काळं आहे. मग त्याच्यावरच भागवून घ्या की."

बोलताना तिचे दात वाजत होते. एडिथने खुंटीवरची लोकरी शाल काढली आणि खिडकीतून तिच्या अंगावर टाकली. शाल बाहेर गेली, हे विल्फने पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. काही गोष्टी जावयाने पाहायच्या नसतात.

पाणी एकदाचं संपलं. जनीनने खिडकीतून नवी तोटी दिली, ती विल्फने बसवली. मग तो कपाटात डोकं घालून आडवा झाला. बस चालवताना आयुष्यभर त्याच्या पाठीशी पाटी असायची, चालकाशी बोलू नये. आज दोन बायका एकाच वेळी बोलत होत्या.

"डावीकडे फिरवा काका."

"डावीकडेच फिरवतोय."

"ते तुमचं उजवं आहे."

"झोपल्यावर त्याला कधीच कळत नाही," एडिथ म्हणाली. "मॉरीन सांगते."

गंजलेला नट सुटता सुटेना. विल्फने पान्यावर सगळं वजन टाकलं. नट सुटला आणि पाइपात दडून बसलेलं वाडगाभर पाणी त्याच्या बाहीतून थेट बगलेपर्यंत गेलं. ते इतकं थंड होतं की त्याला ओरडायलाही सुचलं नाही. जुना पंप निघाला, नवा बसला. पंपावरचा बाण वरच्या दिशेला आहे, हे जनीनने त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. माळ्यावर जाऊन त्याने दोरी सोडली, पाणी भरू दिलं, खोल्याखोल्यांतून फिरून रेडिएटरमधली हवा काढली आणि धापा टाकत बटण दाबलं. पंप सुरू झाला. विल्फला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

पण पंपातून खुळखुळ असा आवाज येत होता, आणि रेडिएटर होता तसाच गार होता.

"आत हवा अडकलीय," जनीन म्हणाली. "पंपाच्या तोंडावरचा मोठा स्क्रू जरासा सैल करून ती काढायची. पण फार सैल झाला तर गरम पाणी तोंडावर येईल. त्यात तुम्ही डावं-उजवं करणारे. काका, हे मलाच करू द्या. खिडकीतून नाडी बघता येत नाही."

"अ‍ॅलन उठेपर्यंत थांबू," एडिथ म्हणाली.

विल्फ ओल्या बाहीने जमिनीवरच बसून राहिला. भोवती काळ्या पाण्याची भांडी मांडलेली होती. एकच काम सांगितलं होतं, आणि तेच झालं नव्हतं. पहिल्यांदा नातू घरी येणार आणि आजोबा त्याला बर्फाच्या पेटीत घेणार, या विचाराने त्याला खरोखर रडू येऊ लागलं. आणि तेवढ्यात बाहेर मॉरीनच्या गाडीचा हॉर्न वाजला.

एडिथ विजेसारखी उठली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई उठू शकते तेवढी. "विल्फ! पोरगा आहे ना तो? पुरुष आहे की नाही? आणि ग्रेगचे केस डांबरासारखे आहेत! अरे, पहिलं पाऊल चालून दारात आलंय! कोळसा कुठाय?"

तिने पुढचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्याच्या आत, कोळसा हातात घेऊन उभी राहिली. मॉरीन पिशव्या घेऊन फाटकातून येत होती, मागे हेलन, तिच्या हातात दुपट्याचं गाठोडं. जनीनही शाल गुंडाळून मागच्या गल्लीतून पुढे आली होती.

"तिथंच थांबा!" एडिथ म्हणाली. "आधी तो आत येईल. पाय पुढे करून धर त्याला, हेलन. आणि टोपी काढ. केस दिसायला हवेत, रिवाज आहे."

मॉरीनने हेलनकडे पाहिलं. हेलनने मॉरीनकडे.

"थंडी आहे आई," मॉरीन घाईघाईने म्हणाली. "टोपी राहू दे. काळेच आहेत समज."

"समज म्हणजे? क्षणभर काढ."

हेलनने टोपी काढली. आत केस भरपूर होते, चार दिवसांच्या बाळाला शोभणार नाहीत इतके, आणि सगळेच्या सगळे गाजरासारखे तांबडे.

जनीन हळूच म्हणाली, "अगं बाई, माझाच भाऊ!"

विल्फने नातवाला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि सर्दी, पंप, ओली बाही सगळं विसरून गेला. इतकं सुंदर बाळ त्याने पाहिलं नव्हतं. पण सासूकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

"फोनवर सांगणारच होते," मॉरीन म्हणाली. "पण तुझं हे पहिल्या पावलाचं... ग्रेगच्या घरी कोणाचे असे नाहीत, आपल्याकडेही कोणाचे नाहीत. कुठून आले देव जाणे."

"माझ्याकडून," एडिथ म्हणाली.

मॉरीनच्या हातातली पिशवी खाली आली. आईचे केस तिने आधी काळे पाहिले होते आणि मग पांढरे. मधलं किंवा अगोदरचं काही असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"सोळाव्या वर्षी बाटली आणली काळ्या रंगाची, ती पांढरे होईपर्यंत सोडली नाही," एडिथ म्हणाली. ती बाळाच्या डोक्याकडे पाहत होती. "त्याआधी दर वर्षी या दिवशी मला गल्लीच्या टोकाला उभं करायचे. माझ्या आईनेसुद्धा. कोणाच्या दारासमोरून जायचं नाही, दूध आणायला जायचं नाही. बोटं निळी पडायची. अ‍ॅलनचा आजा सगळी घरं फिरून, पिऊन, गाणी म्हणत यायचा, तेव्हा कुठे मला घरात घ्यायचे."

बाळ शिंकलं. एडिथने मान वळवली. शालीत गुंडाळलेली जनीन फाटकापाशी उभी होती, नाक लाल, ओठ निळे.

"त्याला टोपी घाल," एडिथ हेलनला म्हणाली. "गाडीत बसा आणि हीटर लावा. असल्या गार घरात पोर यायचं नाही." मग तिने कोळशाचा हात पुढे केला. "जनीन, इकडे ये. हा घे."

"मी? पुढच्या दारातून?"

"मग काय धुराड्यातून? ये लवकर. आणि उजवा पाय आधी. तुला तरी कळतं ना उजवा कोणता?"

जनीन कोळसा घेऊन आत आली. उंबऱ्यात थांबून तिने या घराला सुख मिळो, अन्न मिळो, चुलीला जळण मिळो, असं म्हणायचं ते सगळं म्हटलं. एडिथने तिच्यापुढे केकचा तुकडा आणि आल्याच्या वाइनचा ग्लास धरला.

"आधी पंप," जनीन म्हणाली. तिने स्क्रू जरासा फिरवला, हवा फुस्स करून निघाली, मागोमाग चार थेंब पाणी आलं, तिने स्क्रू आवळला. खुळखुळ थांबली. विल्फने पाइपावर हात ठेवला आणि तो पोळेपर्यंत काढला नाही.

घर ऊबदार झालं तशी हेलन बाळाला घेऊन आत आली. मॉरीन हात धुवायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथून एक किंकाळी ऐकू आली.

"विल्फ! माझं सूपचं भांडं!"

"आता बाहेर ओतायला हरकत नाही," विल्फ म्हणाला आणि ते भांडं उराशी धरून परसाकडे पळाला.

एडिथ रेडिएटरपाशी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने टोपी काढली आणि ते केस बोटाने मागे सारले. "तुला कोणी दाराबाहेर उभं केलं ना," ती त्याला हळू आवाजात सांगत होती, "तर मला येऊन सांगायचं. मी बघते त्याच्याकडे."

जनीनने आपली हत्यारं गोळा केली आणि पिशवी खांद्याला लावली.

"पोरी," एडिथने विचारलं, "पुढच्या वर्षी किती वाजता येशील?"

"आजी, पंप कोरा आहे. आता कित्येक वर्षं बघायला नको."

"पंपाचं कोण बोलतंय?" एडिथ म्हणाली, आणि तिने वाइनचा ग्लास जनीनच्या बाजूला सरकवला.